इस्तंबूलचे शनिवार : परक्या शहरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो

गलबत

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त दोन वर्षं इस्तंबूलला होते, गेल्या महिन्यात पुण्याला परतले. हार्डडिस्कवर अकरा हजारांवर फोटो आहेत. त्यातले जेमतेम साठ मला माझे वाटतात. ते साठ कसे मिळाले आणि बाकीचे का फसले, हे मांडायचंय. इथे फोटो काढणारे बरेच आहेत, परदेशात राहणारेही आहेत, म्हणून हा धागा.

राहायला होते आशियाच्या बाजूला, कादिकोयमध्ये. ऑफिस पलीकडे युरोपच्या बाजूला. रोज सकाळी बोटीने बेशिकताशला उतरायचं, पुढे बस. पहिले सहा महिने मी काढलेले फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत: संध्याकाळच्या उजेडात मिनारांच्या काळ्या आकृत्या, दुकानाच्या पायरीवर झोपलेलं मांजर, इस्तिकलाल रस्त्यावरची लाल ट्राम, सिमितचा (तीळ लावलेल्या गोल पावाचा) तुकडा हवेतल्या हवेत पकडणारा सीगल. उजेड चांगला, चौकट चांगली. पण माझ्या जागी दुसरं कुणी उभं असतं तरी नेमके हेच फोटो आले असते.

मग एका रविवारी बोमोंतीतल्या आरा ग्युलेर संग्रहालयात गेले. ग्युलेर इस्तंबूलचे छायाचित्रकार, आर्मेनियन कुटुंबातले. जन्म १९२८. त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी, ऑगस्ट २०१८ मध्ये हे संग्रहालय उघडलं आणि दोनच महिन्यांनी ते गेले. लोक त्यांना कलावंत म्हणत, त्यांना ते आवडत नसे. मी पत्रकार आहे, जे आहे त्याची नोंद ठेवतो, एवढंच ते सांगत. पन्नाशीच्या दशकात इस्तंबूलची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती, आज दीड कोटीच्या पुढे आहे. त्या जुन्या शहराचे कोळी, नावाडी, गोदीतले मजूर, दारूच्या गुत्त्यातले म्हातारे आज दिसतात ते मुख्यतः त्यांच्या फोटोंत. मला खटकलं ते वेगळंच. त्या फोटोंतली माणसं त्यांच्याकडे 'हा कोण आला' अशा नजरेने बघत नाहीत. माझ्या फोटोंतली माणसं मात्र सगळीच तशी बघत होती.

त्या दिवशी ठरवलं की नवीन जागा शोधायच्या नाहीत. दर शनिवारी सकाळी एकाच ठिकाणी जायचं. कादिकोयहून काराकोयची बोट गालाता पुलाच्या अगदी शेजारी लागते, म्हणून तो पूल निवडला.

पूल नवा आहे, १९९४ चा. आधीचा १९१२ चा होता, त्याला १९९२ मध्ये आग लागली. वरून ट्राम आणि गाड्या जातात, खालच्या मजल्यावर हॉटेलं आहेत आणि दोन्ही कठड्यांना खेटून गळ टाकून बसलेली माणसं असतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत. एका दोरीला सात-आठ बारीक गळ, त्यांवर पिसांचे तुकडे. मुख्यतः इस्ताव्रित नावाचा वीतभर मासा मिळतो. तो दह्याच्या रिकाम्या डब्यात पाण्यात सोडतात. कुणी हौसेने येतं, कुणी संध्याकाळचं कालवण सुटावं म्हणून, कुणी तिथेच विकतं.

पहिल्या शनिवारी ते कॅमेऱ्याकडे बघायचे. दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे. तिसऱ्या शनिवारी दोरीकडे बघत राहिले आणि मला चहा मागवला.

प्रचि (प्रकाशचित्र) १ : करड्या लोकरीच्या टोपीतले काका. दोरी बोटाला गुंडाळून डोळे मिटून बसलेत. मासा लागला की बोटाला कळतं. मागे ट्राम थांबलीय, आतली मुलगी काचेला कपाळ टेकून त्यांच्याकडे बघतेय. हा फोटो अकराव्या शनिवारचा.

प्रचि २ : चहावाल्याचा हात. तीन दांड्यांवर लटकणारं गोल तबक, त्यात कमरेशी निमुळते सहा पेले. तबक झुलतं, पण थेंब सांडत नाही. तोंड मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलंय, त्याची तशी इच्छा होती.

आता एक न काढलेला फोटो. खरं तर काढलेला आणि मग पुसलेला.

तुर्की भाषेत ओझी वाहणाऱ्याला 'हमाल'च म्हणतात. अक्षरशः तोच शब्द, आपल्याकडे अरबी-फारसीतून आला तसा तिकडेही गेला. पुलाच्या दुसऱ्या टोकाला एमिनोन्यू आहे, त्याच्या मागे महमूदपाशाचा चढ आहे, घाऊक कपड्यांचा बाजार. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढाच्या, की अजूनही माल माणसाच्या पाठीवरून जातो. पाठीला चामड्याचं, आत पेंढा भरलेलं खोगीर बांधतात. त्याला 'सेमेर' म्हणतात, गाढवाच्या खोगिराचाही शब्द तोच. मी एका हमालाकडे बघून कॅमेरा किंचित उचलला, म्हणजे 'काढू का?' त्याने भुवया वर उचलल्या आणि मान थोडी मागे टाकली. मला वाटलं, 'काढ की' म्हणतोय. आपल्याकडे भुवया उडवल्या तर 'काय?' किंवा 'बोल' असा अर्थ होतो. तिकडे त्याचा अर्थ स्पष्ट 'नाही'. सोबत 'च्' असा आवाज असतो, तो बाजाराच्या गलक्यात मला ऐकू आला नाही.

मी काढला. त्याने कपड्यांचा गठ्ठा भिंतीला टेकवून उतरवला, चढ उतरून माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, दाखव. दाखवला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, गावाकडे सगळ्यांना वाटतं मी दुकानात असतो.

मी त्याच्यासमोर फोटो पुसला. त्याने पुसल्याची खात्री केली, परत वर गेला, वाकून गठ्ठा पाठीवर घेतला. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना तिकडे 'कोलाय गेलसिन' म्हणतात, म्हणजे काम सोपं जावो. ते मी म्हटलं. त्याने मान हलवली.

फोटो फार चांगला आला होता. पण त्या दिवसापासून मी संमती गृहीत धरणं सोडलं. पुसलं त्याचं वाईट वाटत नाही. त्याआधी अशाच गृहीत धरून काढलेल्या किती फोटोंमागे अशी कुणाची तरी गावाकडची गोष्ट असेल, याचं वाटतं.

तुम्ही परक्या देशात फोटो काढताना काय पाळता? विचारता का? नंतर त्या फोटोचं काय करता?

---

काळापांढरा

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

पण एका मुद्द्यावर असहमत. विचारलं की फोटो मरतो. माणूस खांदे सरळ करतो, चेहऱ्यावर फोटोचा चेहरा चढवतो. रस्त्यावरच्या फोटोचा जीव त्या न विचारलेल्या क्षणातच असतो. रॉबर्ट फ्रँक मूळचा स्विस, १९५५-५६ मध्ये गुगनहाइम शिष्यवृत्तीवर त्याने जुन्या गाडीतून अमेरिका पालथी घातली. सुमारे २८ हजार फोटो काढले, त्यातले ८३ पुस्तकात आले. अर्कान्सामध्ये पोलिसांनी त्याला संशयावरून काही तास डांबून ठेवलं होतं. पुस्तक छापून आल्यावर अमेरिकी समीक्षक चिडले, की हा बाहेरचा आम्हाला काय शिकवतो. पण अमेरिकनांना रोज दिसूनही न दिसणारं त्यालाच दिसलं, कारण तो बाहेरचा होता. तो प्रत्येकाला विचारत बसला असता तर?

आणि एक सूचना : प्रचि १ कृष्णधवल करून बघा. तिथला कादंबरीकार ओरहान पामुकने त्या शहराच्या 'ह्युझ्युन'बद्दल, त्या सामायिक उदासीबद्दल इतकं लिहिलंय आणि सोबत ग्युलेरचेच फोटो छापलेत. ते शहर रंगात पटतच नाही.

---

रानजाई

मला कायद्याचा प्रश्न आहे. तिकडे असे फोटो काढणं आणि छापणं चालतं का? एका देशात (नाव घेत नाही) मला साध्या वेशातल्या पोलिसाने अर्धा तास उभं केलं होतं. मी काढत होते भाजीवालीचा फोटो आणि मागे कुठलीतरी सरकारी इमारत होती.

---

गलबत

रानजाई, काढणं आणि प्रसिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानच्या १९५१ च्या ५८४६ क्रमांकाच्या कायद्यातलं ८६ वं कलम सांगतं, की एखाद्याची ओळखू येणारी प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय लोकांसमोर आणता येत नाही. सार्वजनिक जीवनातली माणसं, मिरवणुका, सरकारी समारंभ, सभा आणि रोजच्या बातम्या यांना सवलत आहे. लष्करी जागांचे फोटो तर नाहीच. मी ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीला आधी विचारून घेतलं होतं. कुठेही गेलात तरी तिथल्याच माणसाला विचारा.

काळापांढरा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पहिल्या पाच मिनिटांपुरतं. विचारलं की खांदे सरळ होतात. पण मी तिथे तीन तास उभी राहणार असेन आणि पुढच्या शनिवारीही येणार असेन, तर ते खांदे आपोआप उतरतात. फ्रँकला पूर्ण देश बघायचा होता, मला एक पूल. आणि तो तेव्हा अमेरिकेत नवखाही नव्हता, १९४७ मध्येच पहिल्यांदा तिथे आला होता.

रंगांबद्दल मात्र मी ठाम आहे. ग्युलेरच्या काळातलं शहर करडं असेल. आजच्या पुलावर निळ्या बादल्या, नारिंगी छत्र्या, लाल तबकं आहेत. ते रंग काढून टाकले तर मी आजच्या माणसांना पन्नास वर्षं मागे ढकलेन. छायाचित्रकार अॅलेक्स वेबचं इस्तंबूलवरचं काम रंगीत आहे, ते नक्की पाहा. त्यात उदासी आहेच, ती सावल्यांतून येते.

---

शटर_३५

तांत्रिक माहिती द्या ना. लेन्स, सेटिंग, काही तरी. प्रचि १ मध्ये काका आणि ट्राममधली मुलगी दोघंही स्पष्ट आहेत, ते कसं जमवलं?

---

गलबत

फुलफ्रेम कॅमेरा, २८ मिमीची एकच लेन्स. एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान), शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर. ऑटोफोकस बंद करून फोकस सव्वातीन मीटरच्या जरा पुढे लावून ठेवते. एवढं केलं की साधारण एक मीटर सत्तरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. काका दोन मीटरवर होते, ट्राम सात-आठ मीटरवर, दोघंही त्या पट्ट्यात बसले. ३५ मिमी वापरत असाल तर एफ ८ ला फोकस पाच मीटरच्या थोडा पुढे लावा, अडीच मीटरच्या पुढचं सगळं मिळेल.

सर्वात मोठा फायदा हा, की फोकस जुळवण्यात वेळ जात नाही. कॅमेरा डोळ्याला अर्धा सेकंद लागतो आणि परत खाली येतो. बाकीचा वेळ डोळे माणसांकडे.

लांब पल्ल्याची झूम लेन्स मी नेली होती, दुसऱ्या महिन्यात विकून टाकली. पलीकडच्या फुटपाथवरून माणसाचा चेहरा ओढून आणणं मला चोरीसारखं वाटायला लागलं.

---

बर्लिनकर

इकडच्या अनुभवातून थोडं. जर्मनीत १९०७ च्या कायद्यापासून स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क मानला जातो आणि लोक तो मनापासून पाळतात. इथे एका छायाचित्रकाराने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईचा फोटो प्रदर्शनाचा भाग म्हणून गजबजलेल्या रस्त्यालगत सव्वा मीटरभर मोठा करून लावला. ती कोर्टात गेली. २०१८ साली घटनात्मक न्यायालयाने म्हटलं, की न विचारता टिपलेला रस्त्यावरचा फोटोही कलाच आहे आणि कलेला संरक्षण आहे, पण इतक्या मोठ्या आकारात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल असा तो लावल्याने त्या बाईच्या हक्काला धक्का बसला. मला हा निकाल समजूतदार वाटतो. फोटो काढणं, वहीत ठेवणं, प्रदर्शनात लावणं आणि रस्त्यावर टांगणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या चारींना मिळून 'फोटो काढला' एवढंच म्हणतो.

---

सातरस्ता

एरवी मी नुसता वाचतो. आज लिहितो.

माझं बालपण महालक्ष्मीच्या धोबी घाटाला लागून गेलं. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं, आजी घाटावर कपडे वाळत घालायला, घड्या करायला जायची. स्टेशनजवळच्या पुलावर रोज परदेशी लोक उभे असायचे, गळ्यात मोठमोठे कॅमेरे. बस यायची, दहा मिनिटं थांबायची, जायची. आम्ही पोरं हात हलवायचो. खाली उतरून नाव विचारलेला एकही माणूस मला आठवत नाही. असेलही कुणी आलेला, मी पाहिला नाही.

आजीची साडी नेहमी हिरवी असायची आणि पांढऱ्या चादरींच्या रांगांत ती लांबून उठून दिसायची. वरून फोटो फार छान येत असणार. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. कुठल्यातरी देशात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात तिचा फोटो भिंतीवर असेल. आमच्या घरी तिचा एकही नाही. तेराव्याला रेशनकार्डावरचा शिक्का पडलेला फोटो मोठा करून आणला होता, त्यात ती ओळखू येत नाही.

फोटो काढू नका असं मला म्हणायचं नाही. उलट, त्या पुलावरच्या कुणीतरी आजीला नीट टिपलं असेल याचं मला बरंच वाटतं. फक्त तो आमच्यापर्यंत आला असता तर.

---

रानजाई

सातरस्ता, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं.

---

काळापांढरा

सातरस्ता, माझ्याकडे यावर उत्तर नाही. मी व्हिएतनाममध्ये काढलेले फोटो काल रात्री उघडून बसलो होतो. एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही.

आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं राहून काम केलं, २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. ते फोटो बघताना वरच्या पुलावरून बघितल्यासारखं वाटत नाही. तुम्ही लिहिल्यावर त्याचं कारण कळलं.

---

गलबत

चार दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. सातरस्ता, तुमचं वाचल्यावर मी सगळ्यात आधी प्रिंटांचा खोका काढला.

मूळ धाग्यात लिहायचं राहिलं, की तिसऱ्या महिन्यापासून मी पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून नेऊन द्यायचे. कादिकोयच्या बाजारात एक छोटा स्टुडिओ होता, शुक्रवारी संध्याकाळी दिलं की तासाभरात मिळायचं. सुरुवात टोपीवाल्या काकांपासून झाली. त्यांनी प्रिंट हातात घेण्याआधी हात पँटला पुसले, मग शेजाऱ्याकडे दिली, ती कठड्याच्या शेवटापर्यंत हातोहात फिरून परत आली. पुढच्या शनिवारी तिघं केस विंचरून आले होते. मी त्यांचे हवे तसे, सरळ उभं राहून, छाती काढून फोटो काढले. ते माझ्या साठांत नाहीत. पण ते त्यांचे आहेत आणि त्यांच्या घरी आहेत.

मी त्यांना 'आबी' म्हणायचे, म्हणजे दादा. ते मला 'आब्ला', ताई. वयाने निम्मी असूनही. त्यांच्यातल्या एका सीरियातून आलेल्या मुलाने मला गळ बांधायला शिकवलं. त्याचा चेहरा मी कुठेच टाकणार नाही, त्याच्या आईने तसं सांगितलंय. प्रिंट तिच्याकडे आहे.

पण खोक्यात अजून अकरा प्रिंट आहेत. माणसं परत भेटली नाहीत, किंवा शेवटच्या महिन्यात सामानाच्या गडबडीत मी गेलेच नाही. त्यातली एक टोपीवाल्या काकांचीच आहे, प्रचि १. तो फोटो मला मोठा करून द्यायचा होता, म्हणून थांबले आणि मग निघायचा दिवस आला. आता पुण्यात कपाटात पडलाय.

---

बोस्फरस_विद्यार्थी

मी इस्तंबूलला पीएचडी करतोय, मूळचा साताऱ्याचा. काराकोयवरून आठवड्यातून दोनदा जातो. ताई, प्रिंट पाठवा, मी नेऊन देतो. पुलाच्या कुठल्या बाजूला बसतात ते सांगा.

---

गलबत

पत्त्यासाठी व्यक्तिगत निरोप केला आहे. टपालाने उद्याच पाठवते.

काराकोयकडून पुलावर चढलात की उजव्या हाताचा कठडा, म्हणजे शिंगाच्या (गोल्डन हॉर्न खाडीच्या) आतल्या बाजूचा, अतातुर्क पूल दिसतो तो. दिव्याचा तिसरा खांब. सकाळी सात ते अकरा. करडी लोकरीची टोपी, उन्हाळ्यातही. जाताना 'कोलाय गेलसिन' म्हणा आणि चहा दिला तर नाही म्हणू नका. बाकीच्या दहाही पाठवतेय. मागे पेन्सिलीने जागा आणि वार लिहिलाय.

---

बोस्फरस_विद्यार्थी

पाकीट मिळालं. शनिवारी साडेसातला गेलो. तिसऱ्या खांबाजवळ टोपीवाले काका नव्हते. शेजारच्या दोघांना प्रिंट दाखवली, त्यांनी लगेच ओळखलं. मुलगी कोण, असं विचारत होते, ट्राममधल्या मुलीबद्दल. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शनिवारी त्यांना यायला जमत नाही, आता मंगळवारी मुलगा गाडीने आणून सोडतो म्हणे. 'आमच्याकडे ठेव, आम्ही देतो' म्हणाले. मी नको म्हटलं.

चहावाल्याची प्रिंट दिली. त्याने तबक खाली ठेवलं, बघितली, खिशात ठेवली, परत काढून बघितली. मंगळवारी पुन्हा जातो.